फळ विकण्याचा अधिकार

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल हातात आले, की पुण्यात कात्रजच्या आसपासच्या रस्त्यांवर सातारा, सांगली, सोलापूरकडून आलेल्या पालकांची वर्दळ सुरू होते. धनकवडीपासून आंबेगावपर्यंतच्या पट्ट्यात भारती विद्यापीठाचे संकुल आहे, पीआयसीटी आहे, सिंहगड संस्थेची महाविद्यालये आहेत; अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी, व्यवस्थापन, परिचर्या अशा बहुतेक शाखा चार-पाच किलोमीटरांत सापडतात. त्यांच्या आधाराने वसतिगृहे, मेस, झेरॉक्सची दुकाने आणि अभ्यासिका उभ्या राहिल्या आहेत. प्रवेशाच्या खिडकीपाशी एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्लेसमेंट किती? हा प्रश्न पैशाचा आहे आणि तो विचारणाऱ्याला हिणवण्याचे कारण नाही. पण त्याच्या पोटात आणखी तीन प्रश्न आहेत, आणि ते फार जुने आहेत. विद्येचे फळ कोणते? त्या फळावर हक्क कोणाचा? आणि जे आपल्या हातात नाही, ते देण्याचे वचन कोणी द्यावे का? पदवी नोकरीच्या कामाची आहे की नाही, याचे उत्तर या तीन प्रश्नांतून गेल्याशिवाय मिळत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : पदवीचा नोकरीसाठी उपयोग होतो, पण तो प्रत्येकाला होईल अशी हमी कोणालाच देता येत नाही. म्हणून पदवी घेण्यात चूक नाही. पदवीच्या नावाखाली नोकरी विकण्यात मात्र अधर्म आहे.

आधी आकडे पाहू. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या २५ वर्षांखालील पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या वर होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन डेव्हलपमेंट यांचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली तरुण पदवीधरांपैकी २९.१ टक्के बेरोजगार होते, तर ज्यांना लिहिता-वाचताही येत नाही अशा तरुणांत हेच प्रमाण ३.४ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘शिकला तो बसला’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. बेरोजगार म्हणून नोंदले जाण्यासाठी माणसाला काम न करता काही महिने जगता यावे लागते. ज्याच्या घरी संध्याकाळची चूल त्याच दिवसाच्या मजुरीवर पेटते, तो बेरोजगार राहूच शकत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या दराने, तो पत्करतो. त्याचे ३.४ टक्के हे सुखाचे लक्षण नाही. शिवाय पहिल्याच अहवालात ३५ वर्षांपुढच्या पदवीधरांची बेरोजगारी ५ टक्क्यांखाली आलेली दिसते. म्हणजे पदवीधर जन्मभर रिकामा बसत नाही, त्याला कधीतरी काम मिळते. ते काम त्याच्या शिक्षणाला साजेसे असते का, आणि मधली उमेदीची वर्षे कशात जातात, हे प्रश्न उरतात. पदवी निरुपयोगी आहे असे आकडे म्हणत नाहीत. पदवी हातात पडली म्हणजे नोकरी पदरात पडली, असेही ते म्हणत नाहीत.

मधल्या वर्षांचे चित्र महाराष्ट्राला परिचयाचे आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर उमेदवारांचे अर्ज होते. २०२४ च्या पोलीस भरतीत साडेसतरा हजारांच्या आसपास जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले. तलाठ्यासाठी पदवी लागते. पोलीस शिपायासाठी बारावी पुरते, तरीही त्या रांगेत अभियंते आणि एमबीए झालेले उमेदवार उभे होते. त्याच वर्षी राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्याला दरमहा ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. योजनेच्या गुणदोषांत न शिरता एवढे म्हणता येईल की सरकारने नकळत पदवीचा बाजारभावच जाहीर केला. दोन वर्षांत आयटीआय करून कामाला लागलेला मुलगा आणि लाखो रुपये फी भरून चार वर्षे शिकलेला अभियंता यांच्यात पहिल्या पायरीवर दरमहा २,००० रुपयांचा फरक.

असे का होते, याचे एक उत्तर अर्थशास्त्रात आहे. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले की मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही, म्हणून तो बाहेरची खूण शोधतो. पदवी मिळवायला कष्ट, चिकाटी आणि शिस्त लागते. ज्याच्याकडे हे गुण आहेत त्याला ती कमी त्रासात मिळते, ज्याच्याकडे नाहीत त्याला जड जाते. त्यामुळे महाविद्यालयात शिकवलेल्यातले काहीही कामावर वापरले गेले नाही तरी पदवी खूण म्हणून चालते. या विचारासाठी स्पेन्स यांना २००१ साली नोबेल मिळाले. आता खुणेचा स्वभावच असा की ती सगळ्यांकडे आली की तिची किंमत उतरते. फ्रेड हर्श या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली हेच मिरवणुकीच्या उदाहरणाने सांगितले. लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक पाहताना पुढचा माणूस टाचा उंचावतो तेव्हा त्याला गणपती दिसतो. मग सगळेच टाचा उंचावतात आणि कोणालाच पहिल्यापेक्षा जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. टाचा टेकवल्या तर जे दिसत होते तेही जाते, म्हणून कोणी त्या टेकवत नाही. एकट्या विद्यार्थ्याला पदवी सोडणे परवडत नाही आणि सगळ्यांनी ती घेतल्याने नोकऱ्या वाढत नाहीत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पदवी माणसाला रांगेत दोन पावले पुढे नेऊ शकते. खिडकीत तिकिटे किती आहेत ते पदवीवर ठरत नाही.

पदवी आणि नोकरी यांची गाठ विद्येच्या स्वभावात नव्हती, ती राज्यकारभाराने मारली. १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे जाहीर केले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या पिढीतल्या मूठभर पदवीधरांना सरकारी खुर्ची जवळजवळ ठरलेली होती, आणि पुढच्या दीडशे वर्षांच्या आशेचा पाया तिथे पडला. पण धोका ओळखणारेही तेव्हाच होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर जातो आणि ज्यांच्या घामातून तो येतो त्या शेतकऱ्यांची मुले प्राथमिक शाळेलाही मुकतात, हे ठणकावून सांगितले. शिकलेल्यांची संख्या शंभरपट व्हावी, पण त्यांनी नोकरीकडे डोळे लावून न बसता उपयोगी आणि उत्पन्नाचे व्यवसाय करावेत, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली होती. पहिल्या पदवीधरांनंतर अवघ्या वीस वर्षांत हे लिहिले गेले, हे विसरता कामा नये. पदवीशिवायही विद्या असते, याचा त्याआधीच्या काळातला पुरावा कात्रजलाच आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथे दगडी बंधारे बांधून, जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत नेले गेले. उतार, दाब आणि गाळ यांचे एवढे नेमके गणित करणाऱ्यांपाशी विद्या होती, पदवी नव्हती. यावरून पदवी व्यर्थ ठरत नाही. विद्या आणि तिचे प्रमाणपत्र या दोन वस्तू आहेत आणि त्या एकमेकींशिवाय राहू शकतात, एवढे मात्र ठरते.

हा भेद आपल्या परंपरेला चांगला माहीत होता. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. काय काय येते ते आधी सांग, असे म्हटल्यावर तो वेदांपासून गणित, तर्क, नक्षत्रविद्येपर्यंतची मोठी यादी देतो आणि शेवटी कबूल करतो की एवढे शिकूनही शोक सुटलेला नाही. सनत्कुमार ती यादी फेकून देत नाहीत. ते सगळे नाममात्र आहे असे सांगतात आणि तिथूनच पुढच्या पायऱ्या चढवतात. मुंडक उपनिषद तर वेदांनाही अपरा विद्येत घालते. म्हणजे पोटापाण्याची, व्यवहाराची विद्या त्याज्य नाही, तिची जागा तेवढी ओळखायची. प्रमाणपत्राबद्दलचा मराठी विचार गोरोबाकाकांच्या कथेत आहे. मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरा कुंभार जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पाहतो आणि नामदेवांना कच्चे ठरवतो. नामदेव दुखावतात, पण शेवटी विसोबा खेचरांकडे जाऊन शिकतात. इथे परीक्षा घेणारा स्वतः त्या कलेतला आहे, आणि कच्चे ठरलेल्याला पुढचा रस्ता सापडतो. या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. तिच्यात गुरूच्या दारापर्यंत पोहोचण्याचा हक्कच बहुसंख्यांना नव्हता. आजच्या विद्यापीठाचे मोठे पुण्य हे की त्याचा अर्ज कोणालाही भरता येतो.

आता मुख्य मुद्दा. विद्यार्थी नोकरीची तक्रार करू लागला की त्याला गीता ऐकवणारे पुष्कळ भेटतात : तू शीक, फळाची आशा ठेवू नकोस. दुसऱ्या अध्यायातल्या त्या उपदेशाचा हा वापर मला अन्यायाचा वाटतो. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाही, हा नियम जर खरा असेल तर तो फी भरणाऱ्याला लागू आणि फी घेणाऱ्याला माफ, असे कसे चालेल? विद्यार्थ्याने फळाची आशा सोडावी, पण संस्थेने रस्त्याकडेच्या फलकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे फळ छापून त्यावर शुल्क ठरवावे, हा कर्मयोग नव्हे. महाविद्यालयाच्या हातात काय आहे? चांगला शिक्षक नेमणे, प्रयोगशाळा चालू ठेवणे, प्रामाणिक परीक्षा घेणे, उद्योगांशी ओळख करून देणे. नोकरी त्याच्या हातात नाही. ती बाजारातल्या मंदीवर, कंपन्यांच्या गरजेवर, तंत्रज्ञानावर, सरकारी भरतीच्या तारखांवर अवलंबून आहे. ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मत्यागापेक्षा कर्मयोग हाच गीतेचा मुख्य उपदेश असल्याचे प्रतिपादन केले. तो स्वीकारला तर संस्थेचा कर्मयोग शिकवण्यात आहे आणि तिथे कसूर केल्यास तिला जाब विचारता येतो. फळावर ज्याचा अधिकार नाही, त्याला ते फळ विकण्याचाही अधिकार नाही.

यावर पहिला आक्षेप भुकेचा आहे. दोन एकर कोरडवाहू गहाण टाकून मुलाला पुण्याला पाठवणाऱ्या बापाला विद्येसाठी विद्या ही चैन वाटणारच. त्याला महिन्याचा पगार हवा आहे, आणि त्याची मागणी न्याय्य आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळते. ज्याच्याकडे गमावायला एकच जमीन आहे, त्यालाच खोटे वचन सर्वांत महाग पडते. सुखवस्तू घरातला मुलगा पदवीनंतर तीन वर्षे स्पर्धा परीक्षा देत बसू शकतो. कर्जाचा हप्ता सुरू झालेल्याला ते जमत नाही. या अडचणीला प्रामाणिक उत्तर कात्रजवरून जाणाऱ्या सातारा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला शोधले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ पदवीच्या पातळीवर नेले. त्यांनी मुलांना उद्याच्या नोकरीची हमी दिली नाही. आज काम करून आज शिकण्याची सोय दिली, म्हणजे जे देणे आपल्या हातात होते ते दिले. श्रमाचा कमीपणा वाटेनासा झाला, हा त्यातला आणखी मोठा लाभ.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्या समाजांना शतकानुशतके पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्यासाठी पदवी ही केवळ नोकरीची चिठ्ठी नाही, ती माणूस म्हणून उभे राहण्याची सनद आहे. तिची उपयुक्तता मोजायला बसणे हे पोटभरल्यांचे काम आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण इथे टाळता येत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाला, तेव्हा त्याला गावात राहायला जागा मिळेना आणि कचेरीत अस्पृश्यतेची वागणूक मिळाली. शेवटी बडोदा सोडावे लागले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळाले, ते त्या विद्वत्तेमुळेच. म्हणजे पदवीने दार उघडले, आतल्यांची मने उघडली नाहीत. तरीही बाबासाहेबांनी पदवी व्यर्थ असा निष्कर्ष काढला नाही. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून पुढच्या वर्षी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. या उदाहरणातून माझ्या मते दोन गोष्टी निघतात. पदवीचे सर्वांत मोठे मोल कधीकधी पगाराच्या आकड्यात मावतच नाही, म्हणून नोकरी न लागलेल्या पदवीला वाया गेलेली म्हणणे चूक आहे. आणि ज्यांच्यासाठी ही सनद इतकी मोलाची आहे, त्यांच्या हातात कच्ची शिकवणी आणि पक्का शिक्का देणे हा साधा व्यापारी दोष उरत नाही, ती वंचितांची दुसऱ्यांदा केलेली फसवणूक होते.

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा. पालक विचारतात म्हणून आम्ही आकडे सांगतो, त्यात वचन कसले? १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यामुळे जी मुले कर्नाटकात किंवा कुठेच जाऊ शकली नसती ती इथे शिकली. फीवर चालणाऱ्या संस्थेने आपली जाहिरात करायची नाही का? करावी. त्या धोरणाने शिक्षणाचा विस्तार झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माहिती आणि आमिष यांतली रेषा पुसट नाही. सर्वांत मोठ्या पॅकेजचा आकडा ठळक छापणे हे आमिष आहे. प्रवेश घेतलेल्या एकूण विद्यार्थ्यांपैकी किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना काम लागले, मधल्या क्रमांकाच्या मुलाचा पगार किती, शिकलेल्या विषयातले काम किती जणांना मिळाले आणि वर्षभराने किती जण त्या नोकरीत टिकले, हे शाखावार सांगणे ही माहिती आहे. पहिले सत्याचा एक तुकडा आहे, आणि तुकड्याने दिशाभूल करणे असत्याइतकेच दोषाचे आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत यमांमध्ये अहिंसेपाठोपाठ सत्य येते आणि त्यापाठोपाठ अस्तेय. अर्धे सांगून पूर्ण फी घेणारा तिथे दोन यम एकदम मोडतो.

चौथा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो : पदव्या सोडा, कौशल्ये घ्या. कौशल्याची बाजू मला पटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यापासून आयटीआयपर्यंतची आपली व्यवस्था जेवढी वापरायला हवी तेवढी आपण वापरली नाही, आणि हाताने काम करणाऱ्याला कमी लेखण्याची सवय त्यामागे आहे. पण कौशल्याचा दाखलाही दाखलाच असतो. सहा महिन्यांच्या कोडिंग कोर्सची नोकरीच्या हमीसह विक्री सुरू झाली की पदवीचाच दोष तिथे नव्या नावाने येतो, आणि त्या दाखल्यांची गर्दी झाली की त्यांचीही किंमत उतरते. शिवाय काही कामे अशी आहेत की तिथे पदवीला पर्याय नाही आणि नसावाही : रोग्याला तपासणारा, न्यायालयात उभा राहणारा, पुलाचा भार मोजणारी. इथे शिक्का समाजाच्या रक्षणासाठी आहे. बाकी ठिकाणी कामाला पदवी खरोखर लागते का, हे मालकांनी आणि विशेषतः सरकारने जाहिरात काढण्यापूर्वी स्वतःला विचारायला हवे. कारण नसताना पदवीची अट घालणारा प्रत्येक नोकरदाता हजारो घरांना एका अनावश्यक खर्चात ढकलतो.

तेव्हा निवाडा असा. ज्या व्यवसायात पदवीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथे ती घ्यावी, आणि संस्था निवडताना शिकवणारे कोण आहेत हे इमारतीआधी पाहावे. ज्या विषयाची मनापासून ओढ आहे तो शिकावा. त्यातून नोकरी मिळाली तर आनंद, नाही मिळाली तरी शिकलेले कोणी काढून घेत नाही. पण विषयात रस नाही, व्यवसायाला अट नाही, आणि केवळ सगळे घेतात म्हणून कर्ज काढून पदवी घ्यायची असेल, तर थांबावे. पदविका, शिकाऊ उमेदवारी किंवा कामासोबतचे शिक्षण आधी तपासावे. विद्यार्थ्याने स्वतःच्या कष्टांची हमी द्यावी, संस्थेने शिकवण्याची आणि सरकारने वेळेवर, प्रामाणिक भरतीची. कात्रजला प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांनी प्लेसमेंटचा आकडा जरूर विचारावा, पण तो संपूर्ण तुकडीचा, लेखी आणि शाखावार मागावा. जी संस्था तो देणार नाही, तिथे फी भरू नये.